धुराची वाटणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा धुराचा विचार कोणीच केला नाही. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले, कोठीतली ज्वारी मापून घेतली, पितळेच्या घागरींवरून म्हणे चांगलीच जुंपली होती. मी या घरात सून म्हणून आले ती वाटणीनंतर, त्यामुळे हे सगळं मी ऐकलेलं. पण ऐकायला इतक्या वेळा मिळालं की आता मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

वाटणी दोघा भावांची. थोरले माझे सासरे, ज्यांना सारं गाव आबा म्हणतं, आणि धाकटे नाना. गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि घर जुन्या पद्धतीचं धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. स्वयंपाकघर एकच, पण केवढं तरी मोठं. त्याच्या मधोमध छताला एक चौकोनी भोक होतं. त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. उजेड तिथूनच आत यायचा आणि धूर तिथूनच बाहेर जायचा. पाऊस लागला की कोणीतरी धाब्यावर चढून त्यावर घमेलं पालथं घालायचं. अशा खोलीत दोरी धरून मधून भिंत घातली, तेव्हा सानं हातभर नानांच्या बाजूला गेलं. खोलीची वाटणी अगदी काटेकोर झाली. चुली दोन झाल्या आणि सानं एक राहिलं, हे तिथे उभ्या असलेल्या एवढ्या शहाण्या पंचांपैकी एकालाही दिसलं नाही. स्वयंपाक करणारं त्यात कोणी नव्हतं, हे त्याचं कारण.

तरी आमचं इतकी वर्षं भागलं, कारण भिंत छताला टेकवलेली नव्हती. वर एक मोठं आडवं लाकूड दोन्ही खोल्यांवरून गेलं आहे. त्याला धक्का नको म्हणून गवंड्याने वीतभर फट सोडली होती. आमच्या चुलीचा धूर वर जायचा, लाकडाखालून पलीकडे वाकायचा आणि नानांच्या सान्यातून आभाळात जायचा. जाता जाता त्यांच्याकडचा फोडणीचा वास इकडे यायचा. भाऊ भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण कोणाकडे आज कशाची भाजी आहे हे दोन्ही घरांना पक्कं ठाऊक असायचं.

माझं माहेर धुळ्याचं. तिथे ओटा, गॅस, खिडकीत घरघर करणारा पंखा. लग्न होऊन आले आणि पहिल्या सकाळी चुलीपुढे बसले, तर डोळ्यांतून अशा धारा लागल्या की सासूबाईंना वाटलं पोरीला माहेरची आठवण येते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही काही बोलले नाही. आयतं प्रेम मिळत होतं, ते कशाला सोडा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

गॅस आमच्याकडे नाही असं नाही. शेगडी आहे, सिलिंडर आहे, अक्कांनी विणलेल्या दोऱ्याच्या रुमालाखाली दोन्ही झाकलेली आहेत. पाहुणा आला की रुमाल उचलायचा, चहा करायचा, रुमाल परत घालायचा. भाकरी, डाळ, अंघोळीचं पाणी हे सगळं चुलीवर. सिलिंडर संपला की गाडी गावात कधी येईल याचा नेम नसतो, आणि पऱ्हाट्या मात्र परसात भिंतीएवढ्या रचलेल्या असतात. कापूस वेचून झाला की शेतातली वाळकी झाडं उपटून आणायची. फुकटचं जळण. भुर्रकन पेटतात, भुर्रकन विझतात, म्हणून चुलीपुढून हलता येत नाही, सतत सारत राहावं लागतं. पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या की त्यांचा जो धूर होतो त्याला धूर म्हणणंही कमीच आहे.

मी नवीन असताना एकदा हिंमत करून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी गॅसवर केली. आबांनी ती हातात धरली, उजेडाकडे करून पाहिली आणि विचारलं, “हाई भाकर शे का पापड शे?” सगळे हसले. अक्काही हसल्या आणि म्हणाल्या, “गॅसनी भाकर पोटले लागत नही वं.” मीही हसले. तेव्हा मला ते हसण्यावारी नेता येत होतं.

माहेरी गेले की माझी भाची मला बिलगायची आणि लगेच नाक मुरडून बाजूला व्हायची. आत्याच्या केसांना वास येतो म्हणायची. शिकेकाईने धुवा नाहीतर शाम्पूने, तो वास जात नाही. साडीत, उशीत, ब्लाउजच्या शिवणीत तो बसलेला असतो. चोपड्याहून धुळ्याच्या एसटीत बसले की शेजारची बाई कुठल्या घरातून आली आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते.

अक्कांचा खोकला मी आले तेव्हापासून होता. सकाळचा खोकला हा त्यांच्या उठण्याचाच एक भाग आहे असं घरात सगळे धरून चालायचे. पण मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या विहिरीवरून हंडा आणता आणता मध्येच बसल्या. बोलता येईना. ओठ निळसर झाले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे मी बसले, आणि आम्ही चोपड्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, “आजी, विडी किती वर्षं ओढता?”

अक्कांना तेवढ्या दमातही राग आला. “मी? विडी? हाऊ डॉक्टर पागल शे का?”

डॉक्टर हसले नाहीत. चुलीवर स्वयंपाक असतो का, खोलीला खिडकी आहे का, असं त्यांनी मला विचारलं आणि मग सांगितलं की यांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखीच झाली आहेत. गेलेलं परत येणार नाही. उरलं आहे ते टिकवायचं असेल तर यांना धुरापासून लांब ठेवा, नाहीतर श्वास असाच कमी कमी होत जाईल आणि एक दिवस पुरणार नाही. त्यांनी तोंडात मारायचा पंप दिला. अक्का तो पंप पदराच्या गाठीत ठेवायच्या आणि कोणी बघत नसेल तेव्हाच मारायच्या. पंप लागला म्हणजे माणूस शेवटाला आलं, असं गावात समजतात.

मी ठरवलं की चुलीपुढे आता मीच बसेन, अक्कांनी ओसरीवर बसून भाजी निवडायची. त्या हो म्हणाल्या. दोन्ही वेळा मी चूल पेटवली की त्या कशाच्या ना कशाच्या निमित्ताने आत यायच्याच. मीठ पाहायला, डाळ ढवळायला, जाळ मागे ओढायला. तरी धूर वरून निघून जात होता, म्हणून मी फार कटकट केली नाही.

आणि मग मार्गशीर्षात, कडाक्याची थंडी पडली असताना, फट बंद झाली.

आम्ही शेतात होतो. घरी येऊन चूल पेटवली, आणि धूर वर गेला, लाकडापाशी थांबला आणि खाली यायला लागला. आधी मला कळेचना. पऱ्हाट्या ओल्या आहेत का, वारा उलटा आहे का, असं मी करत राहिले. मग वर पाहिलं. वीतभर फटीत विटांचे तुकडे आणि ओली माती लिंपलेली होती. पलीकडून. दाबलेली माती माझ्याकडच्या बाजूला फुगून आलेली होती. तेवढ्यात धूर माझ्या डोक्यापर्यंत उतरला. मी पीठ भिजवलेलं तसंच टाकून दारात आले, तर अक्का मला बाजूला सारून आत निघाल्या होत्या, जाळ विझेल म्हणून.

त्या दिवसापासून ती खोली म्हणजे झाकण लावलेलं भांडं झाली. खिडकी नव्हतीच. अंगणाकडे उघडणारं एक दार, तेवढीच वाट.

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू.” हा माणूस तसा लाखात एक, पण बघू म्हणाला की ते काम देवाच्या खात्यात गेलं असं समजायचं. मग मी स्वतः आबांपुढे गेले आणि आपल्या बाजूला धाब्यात एक नवीन सानं पाडू या म्हणाले. आबांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. धाबं वाटणीत आलेलं नाही, ते दोघांचं आहे, त्याला भोक पाडायचं तर नानाला विचारावं लागेल, असं ते म्हणाले. मग विचारा, मी म्हटलं. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. “त्याले इचारू? मी?” एवढंच बोलून ते उठून मळ्यात गेले. मग मी म्हटलं, चूल अंगणात मांडते. त्यावर अक्काच बिथरल्या. अंगणातून सारी गल्ली ये-जा करते. म्हाताऱ्या सासऱ्यादेखत, रस्त्यावर बसून सून भाकरी थापते म्हणजे आबांच्या घरात राहायला जागा उरली नाही असंच लोक म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. बायकांच्या छातीत जागा उरली नव्हती, त्याचं काय, हे मी मनातच म्हटलं, आणि तेव्हा मनातलं सगळं माझ्या तोंडाला कडू लागायचं.

शेवटी मी काकूंकडे गेले. काकू म्हणजे नानांची बायको, आणि अक्कांची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. नवरे बोलत नसल्यामुळे ह्या दोघीही बोलत नाहीत, म्हणजे समोरासमोर बोलत नाहीत. नळावर एकमेकींकडे पाठ करून, आपापल्या हंड्याकडे बघत, त्या गावभरच्या गप्पा मारतात. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. म्हटलं, काकू, तुमची बहीण आत गुदमरून मरेल, ती फट का लिंपली?

काकूंनी मला आत, त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या सुनेला, माझ्या धाकट्या जावेला, नुकताच मुलगा झाला होता. बाळ तिथेच उबेला खाटेवर होतं. एवढासा जीव, आणि श्वास घेताना त्याच्या छातीत भाकरी फुगून फुटल्यासारखा आवाज येत होता. जाऊ माझ्याकडे न बघता त्याच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती.

“तुमना धूर आमना घरमा येस,” काकू म्हणाल्या. “लेकरू रातभर खोकस. तूच सांग, मी काय करू?”

इतकी वर्षं मी वर जाणारा धूर पाहत होते आणि तो गेला म्हणून निश्चिंत होते. तो आधी ह्या खाटेवरून जातो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग माझं लक्ष खाटेखाली गेलं. तिथे घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, आणि त्यावर ओवा आणि लसणाची सालं. बाळाला सर्दी होऊ नये म्हणून धुरी. खोली त्याने भरली होती. मी म्हटलं, “काकू, आणि हा कोणाचा धूर?”

“हाऊ औषधना शे,” काकू ठसक्यात म्हणाल्या. “हाऊ तुनी सासूनीच शिकाडेल शे माले.”

गावातल्या आशाताईंनी त्यांना धुरी बंद करा म्हणून बजावलं होतं. त्या आल्या की घमेलं बाहेर जायचं, त्या गेल्या की आत यायचं. बाळाची छाती कोणाच्या धुराने भरली, हे मी कसं ठरवणार होते? आमच्या पऱ्हाट्यांच्या, त्यांच्या स्वतःच्या चुलीच्या, की ओव्याच्या? मी बाळाच्या पायाला हात लावला. ते ऊबदार होतं आणि माझ्याकडे टकमका पाहत होतं. ती फट उघडा, हे शब्द मी तोंडातून काढू शकले नाही. घमेलं तेवढं उचलून बाहेर ठेवलं आणि घरी आले.

अक्कांना मी खरं ते सांगितलं. वाटलं होतं, त्या बहिणीला चार शिव्या घालतील. त्यांना पलीकडे नातू झाल्याचं ठाऊक होतं, पण त्याला खोकला आहे हे नळावरच्या गप्पांत आलं नव्हतं. त्यांनी लिंपलेल्या फटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ती फट ऱ्हाऊ दे तशीच. लेकरू न्हानं शे.” आणि पुढे म्हणाल्या, “धुरी मीच शिकाडेल व्हती. तुना नवराले बी दिधी व्हती.” त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली.

त्यानंतर मी घरात बंड केलं म्हटलं तरी चालेल. रुमालाची घडी करून पेटीत टाकली, शेगडी पुढे ओढली आणि सगळा स्वयंपाक गॅसवर सुरू केला. आबांनी भाकरी परत उजेडाकडे धरली. मी म्हटलं, पापड आहे, मुकाट्याने खा. त्यांनी खाल्ली. अक्कांची खाट ओसरीवर आबांच्या खाटेशेजारी टाकली, त्यांना शाल दिली, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम सोडला.

त्यांचा खोकला खरंच कमी झाला. चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, जिंकलं. पण अक्का ओसरीवर पाहुण्यासारख्या बसायच्या. निवडायला दिलेली मेथी निवडून व्हायची आणि मग त्या हात मांडीवर ठेवून दाराकडे बघायच्या. कोणी त्यांना आज काय करू म्हणून विचारत नव्हतं. ह्यांना भूक लागली की ते माझ्याकडे यायचे, जळणवाली पाड्यावरची बाई आली की माझ्याशी बोलायची. एकदा मी त्यांना चहा देताना म्हटलं, “बघा अक्का, किती छान श्वास येतो आहे आता.”

“येस ना,” त्या म्हणाल्या. “भरपूर येस. पण तो दम लिसनी मी अठे करू काय?”

मला इतका राग आला. एवढं करून वर, तो श्वास घेऊन इथे करू काय, हे ऐकायचं! मी कप तिथेच ठेवून आत गेले आणि भांडी आपटली. आपटता आपटता समजत होतं की राग अक्कांचा नाही. त्या खोलीत त्यांची सारी हयात गेली होती, त्याच खोलीने त्यांची छाती खाल्ली होती, आणि त्या खोलीबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मीच त्यांना बाहेर काढलं होतं, आणि काढणं भागच होतं. यातून सुटायची वाट मला दिसत नव्हती, अजूनही दिसत नाही.

बंड सिलिंडर असेपर्यंत चाललं. शेतावरच्या मजुरांच्या भाकरी, अंघोळीचं पाणी, सगळं त्यावर घेतल्यावर तो लवकर संपणारच होता. नंबर लावला. गाडी आज येईल, उद्या येईल. ह्यांना म्हटलं, चोपड्याला जाऊन घेऊन या. केळीचा माल निघत होता, ट्रक दारात उभा. ते म्हणाले, “बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातून कपडे धुऊन आले, तर स्वयंपाकघरातून धूर येत होता. अक्का चुलीपुढे बसल्या होत्या. पाट तसाच, ऐसपैस मांडलेला, डाव्या हाताने पऱ्हाट्या सारणं, उजव्याने भाकरी फिरवणं. इतक्या दिवसांनी चूल पेटवली तरी एक काडी फुकट गेलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या आनंदात होत्या. तेवढ्यात ढास लागली. तोंडाला पदर लावून त्या खोकत राहिल्या, पंप मारला, परत तव्याकडे वळल्या.

“उठा,” मी म्हटलं. “अक्का, उठा. मी करते.”

त्या उठल्या नाहीत. मी धूर निघावा म्हणून दार सताड उघडलं. समोर अंगण. ते मात्र अजून दोन्ही घरांचं एकच आहे. कोवळ्या उन्हात काकूंची सून बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होती. खोलीतला धूर दारातून बाहेर पडला आणि वाऱ्याबरोबर सरळ त्यांच्याकडे निघाला. जावेने मान वर करून पाहिलं. तिने बाळाच्या तोंडावर हात धरला.

“दार लोटी दे,” अक्का मागून म्हणाल्या. “लेकरू उन्हमा शे.”

“आणि तुम्ही?”

“लोटी दे वं. तू बी बाहेर व्हय. कशाले उभी ऱ्हास धूरमा?”

मी दाराला हात लावून उभी राहिले. बाहेर जाऊन दार ओढलं असतं, तर उन्हात उभी राहून मला स्वच्छ श्वास मिळाला असता. दार उघडं ठेवलं असतं, तर थोडा अक्कांना मिळाला असता. मजूर भाकरीची वाट बघत होते, परातीत पीठ बरंच उरलं होतं. मी दार आतून लावून घेतलं. उजेड गेला, तव्याखालचा जाळ तेवढा दिसत राहिला. अक्कांच्या शेजारी बसले आणि परात माझ्याकडे ओढली. त्यांनी भाजायच्या, मी थापायच्या. दोघींनी केल्या की भाकरी लवकर होतात, एवढंच माझ्या हातात होतं.